कॅम्पर व्हॅनच्या छतातल्या पंख्याची मोटर बदलायची आहे? आधी हे वाचा

छतातला पंखा बंद पडला की कॅम्पर व्हॅनवाल्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: आता छत उचकटायचं, सीलंट खरवडायचं आणि पुढच्या पावसात गादी भिजवून घ्यायची. तसलं काही करावं लागत नाही. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पंख्यांची मोटर व्हॅनच्या आतूनच बदलता येते. छतावर चढायची गरज पडत नाही, आणि टाळता येत असेल तर चढूच नका.

प्रत्यक्ष मोटर बदलणं हे दुपारभरात उरकणारं काम आहे. डोकं खातं ते त्याच्या आधीचं: मोटरच गेली आहे का हे ठरवणं, आणि गेली असेल तर नेमकी कुठली मागवायची हे ठरवणं. तिथे घाई केली की चुकीची मोटर येते, परत पाठवावी लागते आणि ऐन उन्हाळ्यात व्हॅन भट्टीसारखी तापत राहते. म्हणून या लेखात स्क्रू ड्रायव्हरपेक्षा मल्टिमीटरवर (वीज मोजायच्या छोट्या यंत्रावर) जास्त शब्द खर्च केले आहेत. ज्यांनी आजवर गाडीच्या वायरीला हात लावलेला नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. सेकंडहँड ट्रान्झिट, प्रोमास्टर किंवा स्प्रिंटर व्हॅन घेऊन सुटीत फिरणाऱ्या अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून हाच प्रश्न वारंवार येतो. भारतात फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर स्वतःची कॅम्पर बांधणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

या पंख्यात असतं काय

छताला १४ इंच बाय १४ इंचाचं चौकोनी भोक असतं, म्हणजे साधारण ३५६ मिलिमीटर. हे माप इथे इतकं रूढ आहे की मॅक्सफॅन असो, फॅन-टास्टिक असो, नाहीतर एखादा स्वस्तातला बिननावाचा पंखा, सगळे त्याच भोकात बसतात. वरती प्लास्टिकचं झाकण, त्याखाली पातं आणि मोटर, कडेला बटणं, बटणांमागे छोटा सर्किट बोर्ड आणि सगळ्यात खाली आपल्या डोक्यावर जाळी. काही पंख्यांत पातं खाली आणि मोटर त्याच्या वर असते, काहींत उलट.

मोटर १२ व्होल्टची साधी डीसी मोटर असते. आत कार्बनचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे, घासत राहणारे छोटे ठोकळे), बाहेर दोन वायरी. पूर्ण वेगात ती साधारण २ ते ४ अँपियर ओढते. दोनपेक्षा जास्त वायरी बाहेर आलेल्या दिसल्या तर ती ब्रशलेस असू शकते. तिला खाली दिलेली थेट बॅटरीची चाचणी लावू नका, कारण तिला चालवायला स्वतंत्र कंट्रोलर लागतो.

आणखी एक. बटणाने झाकण उघडणाऱ्या पंख्यांत दोन मोटरी असतात. मधली पातं फिरवते, आणि कडेला गिअरवाली एक छोटी मोटर असते ती झाकण वर-खाली करते. ऑनलाइन दुकानांत दोन्ही ‘पंख्याची मोटर’ म्हणूनच शेजारीशेजारी दिसतात. झाकण उघडत नाही पण पातं फिरतंय, तर तुमचा आजार वेगळा आहे आणि हा लेख त्यावर नाही.

काय काय हाताशी हवं

- मल्टिमीटर. सगळ्यात स्वस्तातला चालेल, पण हवाच.
- फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर आणि चौकोनी खाचेचा दोन नंबरचा ड्रायव्हर. अमेरिकन कॅम्परांत चौकोनी खाचेचे स्क्रू सर्रास असतात आणि घरच्या पेटीत नेमका तोच नसतो.
- ॲलन कीचे (षटकोनी खाचेच्या स्क्रूंच्या किल्ल्यांचे) दोन संच, एक इंचांचा आणि एक मिलिमीटरचा.
- व्हर्निअर कॅलिपर. प्लास्टिकचा असला तरी चालतो.
- वायर सोलायची आणि क्रिम्प करायची (कनेक्टर वायरीवर दाबून घट्ट बसवायची) पकड, नोकदार पकड.
- हीट-श्रिंकवाले बट कनेक्टर, म्हणजे दोन वायरींची टोकं जोडणारी छोटी नळकांडी, ज्यांचं आवरण गरम केल्यावर आवळतं. लाल रंगाचे २२ ते १८ गेज वायरीसाठी, निळे १६ ते १४ गेजसाठी (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक). मोटरच्या वायरी बहुधा बारीक असतात, तेव्हा दोन्ही आणून ठेवा.
- शिलाई मशीनचं तेल, मार्कर, झिप टाय, जुनी चादर, डोक्याला बांधायचा दिवा आणि गॉगल. गॉगल टाळू नका. डोक्यावर काम करताना वर्षांची धूळ थेट डोळ्यांत येते.
- कागदपत्रांत पंख्याचं माहितीपत्रक, असल्यास खरेदीची पावती, आणि व्हॅन कोणी बांधून दिली असेल तर तिचा वायरिंगचा नकाशा. पंखा वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीशी बोला. वॉरंटीतला पंखा स्वतः खोलणं म्हणजे फुकट मिळणारी मोटर विकत घेणं.

१. मोटर खरंच गेली आहे का?

इथे वेळ घालवा. पंखा फिरत नाही याची बरीच कारणं असतात आणि त्यांतली अर्धी तरी पाच मिनिटांत सुटतात.

पहिलं, झाकण पूर्ण उघडा. काही मॉडेलांत झाकण पुरेसं वर आल्याशिवाय पातं फिरूच नये अशी सोय असते. झाकण बंद ठेवून बटणं दाबत बसलात तर पंखा मेल्यासारखाच वाटेल. दुसरं, थर्मोस्टॅट. पंखा ऑटोवर असेल आणि व्हॅन आधीच गार असेल, तर तो फिरणार नाही, आणि न फिरणं हेच त्याचं काम. मॅन्युअलवर टाकून बघा. तिसरं, पावसाचा सेन्सर. तो ओला असला किंवा त्यावर चिकट घाण बसली असली की झाकण उघडून लगेच मिटतं. ओल्या फडक्याने पुसा, कोरडा करा, मग पुन्हा बघा.

मग फ्यूज. एक फ्यूज व्हॅनच्या फ्यूजच्या पेटीत असतो हे सगळ्यांना माहीत असतं. बऱ्याच पंख्यांना दुसरा फ्यूज स्वतःच्या अंगावरच असतो, जाळीच्या आत, बटणांजवळ किंवा बोर्डावर. तो बघायचा राहतो. नुसत्या नजरेवर विसंबू नका. फ्यूज काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (विजेची वाट अखंड असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवा आणि दोन टोकांना लावा. बीप आला तर फ्यूज ठीक. गेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा लावा. लावल्या लावल्या पुन्हा उडाला तर मोठा घालून दामटू नका. मोटर जाम आहे किंवा कुठेतरी वायर उघडी पडून बॉडीला टेकतेय.

आता व्होल्टेज. जाळी काढा, पंख्यात येणाऱ्या मुख्य दोन वायरींवर मल्टिमीटर लावा, आणि इथे लक्ष द्या, पंखा चालू करून पूर्ण वेगावर ठेवून मोजा. पंखा बंद असताना १२.६ व्होल्ट दिसणं फारसं काही सांगत नाही. गंजलेला जोड किंवा अर्धवट तुटलेली वायर भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि पंखा सुरू करताच ते ९ वर कोसळतं. असं झालं तर मोटर निर्दोष आहे. बॅटरीपासून छतापर्यंतचा एखादा जोड खराब आहे, तो शोधा. जुन्या व्हॅनमध्ये हा जोड बहुधा छताच्या फळ्यांमागे नाहीतर कपाटाच्या वर लपलेला सापडतो, आणि नुसती वायर पिळून त्यावर टेप गुंडाळलेली असते.

पंख्यापर्यंत वीज नीट येत असेल तर तीच वीज मोटरपर्यंत पोहोचते का ते बघायचं. मोटरच्या दोन वायरी जिथे बोर्डाला जोडल्यात तिथे मोजा, पुन्हा पूर्ण वेगावर. कमी वेगावर मोजू नका. बरेच बोर्ड वेग कमी करण्यासाठी वीज भराभर चालू-बंद करतात आणि साधा मल्टिमीटर त्याचा काहीतरी मधलाच आकडा दाखवतो. पूर्ण वेगावर १२ च्या आसपास येतंय आणि पातं हलत नाही, तर मोटर गेली. काहीच येत नाही, तर बटण किंवा बोर्ड गेलाय, आणि नवी मोटर बसवूनही पंखा फिरणार नाही.

शेवटची खात्री थेट चाचणीने करायची. मोटरच्या दोन्ही वायरी बोर्डापासून सोडवा आणि मध्ये ५ अँपियरचा फ्यूज घालून १२ व्होल्टच्या बॅटरीला लावा. ब्रशवाली मोटर धडधाकट असेल तर लगेच फिरेल. पातं बसवलेलंच असेल तर हात लांब ठेवा.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोटरच्या दोन वायरींना लावलात आणि पातं हाताने हळूहळू फिरवलंत, तर आतली गोष्ट कळते. चांगल्या मोटरचा आकडा थोड्या ओहमांच्या आत खाली-वर होत राहतो. खराब मोटरमध्ये मध्येच आकडा गायब होतो, पुढे परत येतो, पुन्हा गायब होतो. तिथे ब्रश झिजून संपलेला असतो. अशा मोटरला बोटाने ढकललं की ती चालू होते आणि लोक महिनोन्‌महिने तशीच ढकलून चालवतात. ती एक दिवस बंद पडणार हे नक्की.

पंखा फिरतोय पण किंचाळतोय? मग लगेच मोटर मागवू नका. शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा, ज्यावर पातं बसतं) जिथे मोटरमध्ये शिरतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा, पातं हाताने फिरवत राहा आणि तासभर थांबा. डब्ल्यूडी-४० मारायचा मोह आवरा. ते गंज सोडवायला ठीक आहे, पण बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यात) मुरलेलं तेल धुऊन काढतं आणि थोड्याच दिवसांत आवाज दुप्पट होऊन परत येतो. आवाज किंचाळण्याचा नसून धडधडीचा असेल तर पातं बघा. तडा गेलेलं किंवा एका बाजूला घाण साचलेलं पातं मोटरलाही घेऊन बुडतं.

२. कुठली मोटर मागवायची

पंख्याच्या मॉडेलचा नंबर जाळी काढल्यावर आतल्या प्लास्टिकच्या कडेवर किंवा मोटरच्या अंगावर चिकटवलेला असतो. त्याचा फोटो काढा. त्या नंबरावरून मूळ कंपनीची मोटर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्या. बाकीची डोकेदुखी वाचते.

स्टिकर उन्हाने उडालेला असेल, किंवा तसलीच दुसरी मोटर घ्यायची असेल, तर मोटर आधी खोलून हातात घ्या (पायरी ३ ते ५ आधी करा) आणि हे मोजा:

शाफ्टची जाडी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अमेरिकन पंख्यांचे शाफ्ट इंचांत असतात, बाजारातल्या स्वस्त मोटरी मिलिमीटरमध्ये. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंच भोकाच्या पात्यात ६ मिलिमीटरचा शाफ्ट बसतो खरा, पण डुलतो, आणि डुलणारं पातं नव्या मोटरचे बुश लवकर खाऊन टाकतं. टेपने भर घालून घट्ट करायचे सल्ले मिळतील, ऐकू नका.

शाफ्टचा आकार. पूर्ण गोल आहे की एका बाजूने सपाट? सपाट बाजू किती लांब आहे? पात्याचा स्क्रू तिथेच टेकतो.

शाफ्टची लांबी आणि मोटरची उंची. मोटर थोडी उंच निघाली तर झाकण मिटत नाही.

फिरण्याची दिशा. शाफ्ट आपल्याकडे करून बघायची. साधी ब्रशवाली मोटर वायरी उलट्या केल्या की उलटी फिरते, त्यामुळे इथे चुकलं तरी फार बिघडत नाही.

स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, भोकांची संख्या आणि वायरीच्या टोकाचा कनेक्टर. कनेक्टर जुळला नाही तर कापून क्रिम्प करता येतो, भोकं जुळली नाहीत तर काही करता येत नाही.

बाथरूमच्या छतातला पंखा वेगळा असतो. पातं जेमतेम सहा इंचांचं, मोटर लिंबाएवढी. तिथे मोठ्या पंख्याची मोटर बसायचा प्रश्नच नाही, पण ऑनलाइन फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मापं वाचा.

बोर्ड आणि मोटर दोन्ही गेले असतील, बुडाच्या प्लास्टिकला तडे गेले असतील किंवा मोटर धरणारे खांब तुटले असतील, तर मोटरवर पैसे घालू नका. अख्खा पंखा बदला. भोक तेच १४ इंचांचं असल्याने नवं कापावं लागत नाही. ते मात्र छतावरचं, सीलंटचं काम आहे.

३. वीज तोडा, पूर्ण तोडा

बॅटरीचा स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही. कॅम्परमध्ये १२ व्होल्ट तीन वाटांनी येऊ शकतात: बॅटरीतून, छतावरच्या सोलर पॅनेलमधून, आणि कॅम्पग्राउंडच्या प्लगला व्हॅन जोडली असेल तर तिथल्या १२० व्होल्टवर चालणाऱ्या कन्व्हर्टरमधून. बाहेरचा प्लग काढा. सोलर असेल तर आधी पॅनेल तोडा, मग बॅटरी. परत जोडताना उलटा क्रम, आधी बॅटरी आणि मग पॅनेल. बहुतेक सोलर कंट्रोलरांना हाच क्रम मानवतो. पंख्याचा फ्यूजही काढून खिशात ठेवा. मग पंख्याच्या वायरींवर मल्टिमीटर लावून शून्य दिसतंय का बघा.

१२ व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. झटक्याची भीती नाहीच. पॉझिटिव्ह वायर धातूच्या छताला टेकली की ठिणगी उडते, बोर्ड जळतो, आणि लिथियमची बॅटरी त्या वेळी क्षणात किती करंट सोडते ते बघायची वेळ येऊ नये.

४. जाळी आणि पातं काढा

झाकण आधीच उघडून ठेवा, वीज तोडल्यावर ते बटणाने उघडणार नाही. खाली चादर पसरा. छोटे स्क्रू पडतात आणि पडले की थेट जमिनीच्या फटीत जातात.

जाळीचे स्क्रू किंवा फिरक्या सोडवा. कडाक्याच्या थंडीत हे काम करू नका. उन्हाने ठिसूळ झालेलं प्लास्टिक थंडीत कडकन तुटतं. जाळी खाली आली की तिच्याकडे नीट बघा. आपल्या व्हॅनमधल्या जाळीला इतरांपेक्षा वेगळा थर असतो: फोडणीच्या तेलाचा पिवळसर चिकट पापुद्रा, आणि त्यात अडकलेली धूळ, केस, कधी एखादी उडालेली मोहरी. तोच थर पात्यावर असतो आणि तोच मोटरच्या हवेच्या भोकांवर. मोटर तापून मरण्यामागे त्याचा हात मोठा असतो. जाळी आणि पातं भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात टाकून ठेवा आणि पुढच्या कामाला लागा. पातं टाकण्याआधी मात्र ते सोडवावं लागेल.

पातं सोडवण्याआधी ते शाफ्टवर किती आत बसलंय याची मार्करने खूण करा आणि कुठली बाजू खाली आहे तेही लिहा. पातं उलटं बसवलं तर पंखा फिरतो, आवाज करतो आणि वारा देत नाही.

काही पाती छोट्या ॲलन स्क्रूने घट्ट केलेली असतात, काही नुसत्या धातूच्या क्लिपवर. ॲलन स्क्रू असेल तर किल्ली नेमक्या मापाची हवी. इंचांच्या स्क्रूत मिलिमीटरची किल्ली ‘जवळपास बसते’ आणि एका जोरात खाच गोल करून टाकते. गंजला असेल तर गंज सोडवायचं तेल टाकून चहा करून या (इथे डब्ल्यूडी-४० खुशाल वापरा). पातं ओढताना टोकांना धरू नका. मध्याजवळ दोन्ही बाजूंनी बोटं घालून सारख्या जोराने खाली घ्या.

५. जुनी मोटर काढा

वायरी कुठली कुठे जाते याचा फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून. रंगांवर भरवसा ठेवू नका. गाडीच्या वायरिंगमध्ये लाल पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह ही आपली सवय. अमेरिकन कॅम्परांच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा काळी पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. एकाच व्हॅनमध्ये, गाडीची कंपनी आणि कॅम्पर बांधणारा वेगवेगळे असल्याने, दोन्ही पद्धती सापडतात. मल्टिमीटरने बघूनच ठरवा.

प्लग असेल तर काढा. नसेल तर वायर मोटरच्या अंगाजवळ कापा, म्हणजे पंख्याच्या बाजूला जोडायला लांबी उरते. मोटरचे स्क्रू सोडवताना दुसऱ्या हाताने मोटर धरा. ती दिसते त्यापेक्षा जड असते आणि वायरीला लटकली तर बोर्डातून वायर उपटून आणते. स्क्रूंखाली रबराच्या चकत्या असतील तर जपून ठेवा, नव्या मोटरबरोबर त्या येतीलच असं नाही. त्या नसल्या की सगळी थरथर छताच्या पत्र्यात उतरते आणि रात्री झोपताना डोक्यावर घुंघुं ऐकू येतं.

६. नवी मोटर बसवा

बसवण्याआधी नवी मोटर थेट बॅटरीवर फिरवून बघा, मध्ये फ्यूज घालून. बसवून झाल्यावर बंद निघाली तर सगळं पुन्हा खोलावं लागेल.

मोटर जागेवर धरा, रबराच्या चकत्या घाला, सगळे स्क्रू आधी हाताने लावा आणि मग आळीपाळीने कसा. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू लावताना तो आधी उलटा, डावीकडे फिरवायचा. जुन्या आट्यात तो ‘टक’ करून खाली बसल्यासारखा वाटतो. तिथून उजवीकडे फिरवायला सुरुवात करा. थेट दाबून कसलात तर नवे आटे पडतात आणि प्लास्टिकचा खांब आतून पोकळ होतो. ड्रिल मशीनने कसू नका.

जोड क्रिम्प करा. वायर पिळून टेप लावणं घरात कदाचित चालून जाईल, धावत्या गाडीच्या थरथरीत ते टिकत नाही. क्रिम्प झाल्यावर वायर जोरात ओढून बघा, निघाली तर आत्ताच निघू दे. मग हीट-श्रिंक गरम करा. वायरी झिप टायने अशा बांधा की पात्याला कुठेही लागणार नाहीत, आणि थोडा झोळ खाली राहू द्या, म्हणजे छतावरून पाण्याचा थेंब आलाच तर तो जोडावर न जाता झोळावरून खाली टपकेल.

पातं खुणेपर्यंत चढवा, ॲलन स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर येईल असं फिरवा आणि घट्ट करा. हाताने पूर्ण फेरा द्या. कुठेही घासता कामा नये.

७. जाळी लावण्याआधी चाचणी

फ्यूज लावा, बॅटरी जोडा, मग सोलर. पंखा सगळ्यात कमी वेगावर सुरू करा आणि हळूहळू वाढवा.

वारा कुठल्या दिशेला जातोय ते हाताने नीट कळत नाही. उदबत्ती लावा आणि पंख्याखाली हातभर अंतरावर धरा. ‘बाहेर’ बटण दाबल्यावर धूर वर खेचला जायला हवा. खाली ढकलला जात असेल तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. फक्त मोटरच्या. पंख्यात येणाऱ्या मुख्य वायरी उलट्या केल्यात तर बोर्ड जळेल. बटण एकच असेल, आत-बाहेर अशी सोय नसेल, तर पंखा हवा बाहेर टाकतो असं धरून चला आणि तसंच जोडा.

हे करताना एक खिडकी उघडी ठेवा. बंद व्हॅनमध्ये पंखा नुसता धापा टाकतो, कारण हवा आत यायला वाट नसते. त्याचीच एक धोक्याची बाजूही आहे. सगळ्या खिडक्या बंद, पंखा हवा बाहेर ओढतोय आणि आत गॅसची उघड्या ज्योतीची शेगडी किंवा हीटर चालू आहे, तर जळालेली हवा उलटी आत खेचली जाऊ शकते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म व्हॅनमध्ये नसेल तर मोटरच्याही आधी तो घ्या.

दहा-पंधरा मिनिटं पूर्ण वेगावर चालवून मोटरच्या अंगाला हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर पातं घासतंय किंवा चुकीची मोटर आलीय. सगळं जमलं की धुऊन वाळवलेली जाळी लावा.

८. सीलंटला हात लावू नका, पण नजर टाका

आतून काम करताना बाहेरचं सील शाबूत राहतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा. खालून टॉर्च मारून लाकडावर किंवा अस्तरावर पाण्याचे डाग दिसतात का तेवढं बघा. दिसले तर ते वेगळं काम समजा आणि कोरड्या दिवशी करा. छतासाठी बनवलेलं, आपोआप सपाट पसरणारं सीलंट मिळतं, तेच वापरा. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन लावू नका. एकदा ते लागलं की त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही आणि खरवडून काढताना जीव जातो.

भारतात असाल तर

तिकडेही १४ इंचांचे हेच पंखे परदेशातून मागवून फोर्स ट्रॅव्हलरवर बसवलेले दिसतात. मोटर पुन्हा बाहेरून मागवायची तर वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून ती महागात जाते. आधी जुनी मोटर आणि पातं दोन्ही घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्या फिरा. फोटो दाखवून भागत नाही, शाफ्ट पात्यात घालून बघावा लागतो. नुसते ब्रश गेले असतील तर मोटर वाइंडिंगवाला तेही बदलून देऊ शकतो.

दोन गोष्टी टाळा. गाडीच्या एसीच्या ब्लोअरची मोटर ‘१२ व्होल्टचीच आहे’ म्हणून कोणी गळ्यात मारेल. ती कित्येक पट जास्त करंट ओढते, तुमची वायर आणि बोर्ड त्यासाठी नाहीत. आणि कॅम्पर मोठ्या बसच्या किंवा ट्रकच्या चेसिसवर असेल तर गाडीची वीज २४ व्होल्टची असू शकते. १२ व्होल्टची मोटर तिला थेट जोडली की जळते. मध्ये २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागतो, किंवा राहण्याच्या भागासाठीची बॅटरी वेगळी १२ व्होल्टची ठेवावी लागते.

पुढे

महिन्यातून एकदा जाळी धुवा. फोडणी देताना पंखा मध्यम वेगावर ठेवा आणि कढईवर झाकण धरा, पात्यावर तेल कमी बसतं. जमत असेल तर शेगडी व्हॅनच्या मागच्या दाराशी बाहेर मांडा, मिरचीचा ठसकाही बाहेरच राहतो. आणि जाळी लावण्याआधी आतल्या प्लास्टिकवर मार्करने पंख्याचा मॉडेल नंबर, शाफ्टचं माप आणि फ्यूज किती अँपियरचा ते लिहून ठेवा. तिथेच एक जास्तीचा फ्यूज टेपने चिकटवा.